खड्डे तेच, रोपं नवी : यंदा झाडं लावायची की नुसती राखायची?

डोंगरउतार | ८ जून, रात्री ९:४२

मंडळी, जरा लांबण लागेल, पण आठ दिवस डोक्यात भुंगा लागलाय म्हणून लिहितो.

आमचं गाव सह्याद्रीच्या पूर्व उताराला, भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात. गावामागे डोंगराची धार, वरचा भाग वनखात्याचा आणि त्याखाली साधारण चाळीस एकर गायरान. २०१६ साली राज्यात २ कोटी रोपांची मोहीम निघाली, पुढच्या वर्षी ४ कोटींची, मग १३ कोटींची आणि २०१९ ला ३३ कोटींची. आमच्या गायरानावर चारही वर्षं खड्डे पडले. ३३ कोटींचं वर्ष मला पक्कं आठवतंय, कारण टोपी घालून फोटोत मीही उभा होतो.

गेल्या रविवारी वर गेलो होतो. त्या खड्ड्यांपैकी एकात वाळून काडी झालेलं रोप होतं, सहज उपटलं तर सगळी पिशवीच हातात आली. काळ्या प्लास्टिकची, अख्खी. लावताना कुणी ती फाडलीच नव्हती. आत मुळं तळाशी गोल गोल फिरून चुंबळीसारखी झालेली. त्या पोराने मरेपर्यंत बाहेर यायची वाट शोधली असणार.

आणि त्याच खड्ड्यापासून दोन हातांवर ऐनाचं खुंट. गुडघ्याएवढं. खड्डे खणायच्या आधी 'साफसफाई' केली होती, त्यात तोडलेलं. त्याला सात फुटवे आलेत, अंगठ्याएवढे जाड. शेंडे शेळ्यांनी खुडलेले, तरी बाजूने परत पालवलेत. ना कुणी लावलं, ना कुणी पाणी घातलं.

आता खरी गंमत. ओढ्याच्या अंगाला दोन एकरांचा एक तुकडा आहे, दोन भावांच्या वादातला. दावा कोर्टात. अकरा वर्षं त्यात ना हा कोयता घालतो, ना तो. दुसऱ्याची शेळी आत दिसली तर दोघंही काठी घेऊन धावतात. आज त्या तुकड्यात सरळ चालता येत नाही. ऐन, नाणा, गेळा, आवळा, धायटी, करवंदीच्या जाळ्या, मध्ये दोन सावरी. आम्ही त्याला भाऊबंदकीचं जंगल म्हणतो.

तर प्रश्न असा. गावातलं तरुण मंडळ आणि शहरातली एक कंपनी मिळून जुलैच्या पहिल्या रविवारी गायरानावर हजार रोपं लावणार आहेत. रोपांचे, खड्ड्यांचे, टी-शर्टचे पैसे मंजूर झालेत. मला वाटतं की लावू नयेत, आहे तेच राखावं. पण 'झाडं लावू नका' म्हणणारा माणूस गावात कसा दिसतो, हे तुम्हाला सांगायला नको. माझं काही चुकतंय का?

---

तिरकस | ८ जून, रात्री १०:१५

म्हणजे राज्यातली जंगलं वनखात्याकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे सोपवावीत, असा प्रस्ताव दिसतोय. माझा पाठिंबा. तारीख पडत गेली की झाड वाढत गेलं.

गंमत राहू दे. पण एका तुकड्यावरून नियम काढू नका. तो ओढ्याकाठचा आहे, ओल आहे, माती आहे. वरच्या उघड्या मुरमाड उतारावर नुसतं राखून काय येणार? कुसळी गवत.

---

निवृत्त बीट | ८ जून, रात्री ११:०८

वनरक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली, आता घरी बसून वाचतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी डोंगरउतार यांच्या खुंटाबद्दल. झाड तोडलं म्हणजे मेलं, असं आपल्या पानगळीच्या जंगलात नसतं. साग, ऐन, पळस, खैर, नाणा ही सगळी खोडवा देणारी झाडं. वरचं गेलं तरी खाली मूळ जिवंत असतं, कधी कधी आपल्या वयापेक्षा जुनं. त्या मुळाचा पसारा, त्यातला साठा, खडकातल्या भेगांतून ओलीपर्यंत गेलेल्या त्याच्या वाटा, हे सगळं तयार असतं. वीतभर पिशवीतल्या रोपाला हे जमवायला किती वर्षं लागतील? तेही पहिला उन्हाळा निघाला तर. जून ते सप्टेंबर चार महिने पाऊस आणि पुढे आठ महिने थेंब नाही, अशा उतारावर जानेवारीतच रोपाचा निकाल लागतो.

मग आम्ही लावत का होतो? कारण लावण्याला लेखाशीर्ष असतं. खड्ड्याचा दर असतो, रोपाचा दर असतो, दुसऱ्या वर्षी नांग्या भरायचे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायचे, पैसे असतात. रोपवनाची नोंदवही असते, तिच्यात जिवंत टक्केवारी लिहायची असते. आपोआप आलेल्या ऐनाला कुठल्या रकान्यात घालणार? मी माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडे राखायला असलेल्या हद्दीत, एका वर्षी खड्ड्यांच्या ओळीत येणारी खुंटं न तोडता ओळ वाकडी घेतली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी 'आखणी सदोष' असा शेरा मारला. ओळ सरळ पाहिजे. जंगल सरळ ओळीत उगवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण शेरा मारावा लागतो.

आता तिरकस साहेबांचं. माती पार धुऊन गेलेली, खुंट नाही, जवळपास बी देणारं झाड नाही, अशा जागी लावावं लागतं. मात्र आधी तिथे खुंटं खरंच नाहीत का, ते बघायचं. उन्हाळ्यात उघडा दिसणारा डोंगर पहिल्या पावसानंतर वीस दिवसांनी बघा. गवतात बोटबोट उंचीचे फुटवे दिसतील. दरवर्षी येतात, दरवर्षी चरले जातात, फाल्गुनात वणव्यात जळतात आणि मूळ पुन्हा फुटतं. शेतकऱ्याला नको असलेलं झुडूप बांधावरून हटता हटत नाही, ही तक्रार ऐकलीय ना? तेच हे.

त्यामुळे डोंगरउतार, तुमचं चुकत नाहीये. फक्त 'राखणं' हा शब्द वाटतो तितका स्वस्त नाही. लावायला एक रविवार लागतो. राखायला वर्षाचे सगळे दिवस लागतात आणि त्या दिवसांचे फोटो निघत नाहीत.

---

माळावरची | ९ जून, सकाळी ७:३०

निवृत्त बीट काका, तुमच्या प्रतिसादातला एक शब्द मला खुपला: 'उघडा'. हा शब्द आमच्या भागाच्या मुळावर उठलाय.

मी सोलापूर बाजूची. इथलं माळरान म्हणजे जंगल तोडून झालेली ओसाड जागा, असा सगळ्यांचा समज. पावसाची तूट, मुरमाड जमीन, त्यावर पवना, मारवेल, कुसळी आणि मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. हे इथलं मूळ रूप आहे. लांडगा, काळवीट, खोकड, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी याच गवतावरची. १९७९ साली नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते गवतासाठीच. झाडी वाढली की माळढोक जागा सोडतो, त्याला लांबवर दिसावं लागतं.

आणि आपण काय केलं? माळावर सलग समतल चर खणले, त्यांच्या भरावावर गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावली. गिरीपुष्प का, तर ओली पानं गुरं फारशी खात नाहीत, म्हणून ते जगतं आणि टक्केवारी चांगली दिसते! ज्याला कुणी तोंड लावत नाही ते झाड चांगलं, हा कुठला न्याय? एका माळावर मी पूर्वी धाविक बघायला जायचे. आता तिथे रांगेत गिरीपुष्प आहे. सावलीत गवत विरळ झालं, मेंढपाळांनी वाट बदलली. कागदावर मात्र 'हरित क्षेत्रात वाढ'.

धागा डोंगराचा आहे, मान्य. पण 'झाड नाही म्हणजे काहीच नाही' ही नजर दोन्हीकडे एकच आहे.

---

निवृत्त बीट | ९ जून, सकाळी ८:०२

ताई, शब्द मागे घेतो. एका बदलीत मीही माळावर चर खणून घेतलेत. त्या वेळी खरंच वाटायचं की पुण्य करतोय.

---

आकडेमोड | ९ जून, दुपारी १:२०

'कागदावर वाढ' निघालंच आहे तर कागदच बघू.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे राज्याच्या साडेसोळा टक्के. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत देशासाठी एक तृतीयांशाचं उद्दिष्ट आहे, त्याच्या निम्मंच. पण माझा मुद्दा तो नाही.

'वनाच्छादन' कशाला म्हणतात ते वाचा. एक हेक्टरपेक्षा मोठी कुठलीही जागा जिच्यावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्क्यांहून जास्त आहे. मालक कोण, झाड कुठलं, जमीन कशाला वापरतात, याच्याशी संबंध नाही. म्हणजे आंब्याची बाग, काजूची बाग, रबराची लागवड, निलगिरीचं रान, सगळं उपग्रहाच्या डोळ्याला सारखंच हिरवं. त्या ५०,७९८ मध्ये अतिघन म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त छत्र असलेलं वन फक्त ८,७३४ आहे. मध्यम २०,५८९. आणि सगळ्यात मोठा वाटा विरळ वनाचा, २१,४७५. विरळ म्हणजे १० ते ४० टक्के.

आता समजा एका तालुक्यात शे-दोनशे हेक्टर जुनं मिश्र जंगल तुटलं आणि दुसरीकडे तेवढ्याच जागेवर आकेशिया उभा राहिला. बेरीज शून्य. अहवालात 'स्थिर' लिहिलं जाईल. खोटं कुणीच बोललेलं नाही. मोजमापाला तो फरक दिसतच नाही, एवढंच.

डोंगरउतार, तुमचं भाऊबंदकीचं जंगल दोन एकर म्हणजे एक हेक्टरच्या आत. ते मोजमापात बसतच नाही. :)

---

व्हाळ | ९ जून, रात्री ११:५५

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो. मी जंगल विकलेला माणूस आहे.

सिंधुदुर्गात आमचं घर. बाहेरच्यांना वाटतं कोकणातलं जंगल सरकारचं. इकडे सरकारी वन थोडं, बहुतेक रान खाजगी, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं. आमचा डोंगर पणजोबांच्या वेळेपासून तसाच होता. किंजळ, ऐन, जांभूळ, खालच्या अंगाला भेरली माड, एक मोठा आंबा, ज्याच्या ढोलीत ककणेर (धनेश पक्षी) दरवर्षी यायचा.

वडिलांना आजारपण आलं तेव्हा ठेकेदार दारात आला. परवानगीचं सगळं तो बघणार होता. व्यवहार टनावर नाही, 'उभं रान' असा ठोक. करवतीचा आवाज अकरा दिवस चालला. पहिले दोन दिवस मी वर गेलो, नंतर नाही गेलो. लाकूड घाटावर गेलं, वीटभट्ट्यांना आणि बॉयलरांना. इमारती लाकूड वेगळं काढलं असेल तर ते मला दाखवलं नाही. मिळालेले पैसे इस्पितळात चार महिन्यांत संपले.

पुढे तिथे जेसीबीने पायऱ्या पाडून काजू लावला, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ कलमं. आता उत्पन्न आहे, खोटं कशाला बोलू. पण डोंगराखालचा व्हाळ (ओढा) आधी शिमग्यापर्यंत वाहायचा, आता संक्रांतीला दगड दिसतात. त्या व्हाळावर खालच्या वाडीतली सात घरं पाणी भरायची. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की, इथे प्रत्येक जण 'राखा' म्हणतोय. राखल्याचे कुणी काही देतं का? तोडल्याचे पैसे आठवड्यात मिळतात. शेजारच्या एकाने अजून वीस एकर तशीच ठेवलीत, त्याच्याकडे मुलीच्या शिक्षणाला पैसे नाहीत आणि गावात त्याला लोक येडा म्हणतात. खालच्या शहराला पाणी त्याच्या डोंगरातून जातं, पण त्याच्या सातबाऱ्यावर त्या डोंगराची नोंद 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन.

---

माळावरची | १० जून, सकाळी ६:५०

व्हाळ, लिहिलंत हे बरं केलंत. 'पोटखराबा' शब्दावर स्वतंत्र धागा होईल.

---

स्पष्टवक्ता०७ | १० जून, सकाळी १०:११

सगळे भावुक होतायत. कुणी बोलत नाही ते मी बोलतो. जंगल कुणी संपवलं? सरपणाला तोडणाऱ्यांनी आणि शेळ्या सोडणाऱ्यांनी. २०१६ पासून उज्ज्वलातून गॅस दिला तरी चुली पेटतातच. कडक दंड करा, वरून कुंपण घाला, पाच वर्षांत जंगल तयार. लोकांच्या हातात दिलं की संपलं.

---

मोहफूल | १० जून, दुपारी ३:३४

स्पष्टवक्ता, गडचिरोलीत या एकदा. राज्यातलं सगळ्यात दाट जंगल कुठे शिल्लक आहे आणि त्यात कोण राहतं, ते बघा. चुलीत जळतात त्या वाळक्या काटक्या. डोक्यावरच्या मोळीत बुंधे बसत नाहीत. बुंधे ट्रकमध्ये बसतात. आणि खाणी, धरणं, रस्ते यांच्यासाठी जे गेलं त्याचा हिशोब मोळीवालीच्या नावावर लावू नका. मिश्र जंगल साफ करून सागाची एकसुरी रोपवनं केली ती तर १९७४ साली निघालेल्या वनविकास महामंडळाने, रीतसर आराखडा करून.

'लोकांच्या हातात दिलं की संपलं' म्हणता, तर दोन गावं सांगतो. दोन्ही सर्वांना माहीत असलेली.

मेंढा (लेखा), धानोरा तालुका. वनहक्क कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. मेंढ्याला २००९ मध्ये साधारण १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना कुणी. कागदावर मालक, पण स्वतःचा बांबू गावाबाहेर नेला की चोर. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची.

दुसरं पाचगाव, चंद्रपूर जिल्हा. २०१२ मध्ये १,००६ हेक्टर मिळालं. त्यांचं मला जास्त कौतुक. तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यातला रोख पैसा. पहाटे तीनला उठून पानं तोडायची, दुपारी घरी सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. पण पान कोवळं यावं म्हणून झाडं छाटतात आणि खालून आग लावतात. ती आग मग हद्द बघत नाही. पाचगावच्या ग्रामसभेने बसून हिशोब केला आणि तेंदू तोडणंच बंद केलं. बांबूवर भागवायचं ठरवलं. घरात येणारा पैसा नाकारणं सोपं नसतं हो. दंडाने हे कुणी करवून घेऊ शकलं असतं का?

सगळीकडे असं छान चाललंय असंही नाही. हक्क मिळूनही आराखडा नाही, ठेकेदार ग्रामसभेच्या सह्या आधीच घेऊन ठेवतो, अशी गावं मी रोज बघतो. मोहफुलं वेचायला अजूनही झाडाखालचा पाला जाळतात. आम्ही काही ठिकाणी खाली जाळी बांधायला सुरुवात केलीय, फुलं स्वच्छ मिळतात, आग लागत नाही. म्हाताऱ्या बाया आधी हसल्या. आता जाळ्या कमी पडतात.

---

स्पष्टवक्ता०७ | १० जून, दुपारी ४:०५

दोन गावांची उदाहरणं सगळे देतात. बाकीच्या हजारोंचं काय?

---

मोहफूल | १० जून, दुपारी ४:२०

तिसरं देतो. बारीपाडा, साक्री तालुका, धुळे. उघडा (माळावरची ताई, माफी!) झालेला डोंगर गावाने कुऱ्हाडबंदी करून चारशेहून जास्त हेक्टरवर परत आणला. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही मूळ काम राखणीचंच. बाकीच्या हजारोंना हक्कच मिळाला नाही किंवा उशिरा मिळाला, तर त्यांची परीक्षा कधी झाली म्हणायची?

---

चिंचबोरं | १० जून, रात्री ८:४८

देवराईचा उल्लेख कसा आला नाही अजून? राखण्याची सगळ्यात जुनी पद्धत तीच. देवाच्या भीतीने पानही उचलायचं नाही.

पण आमच्या गावच्या राईचं सांगते. देवाचं छोटं दगडी ठाणं होतं, वर गारंबीचा वेल. जीर्णोद्धार समिती झाली. आता स्लॅबचं देऊळ, समोर फरशी, गाड्यांना जागा, मंडपासाठी चार झाडं 'अडचणीची' म्हणून गेली. गारंबी पण. देव मोठा झाला, राई लहान झाली. कोयता लावायला जी मंडळी घाबरायची तीच वर्गणीच्या पावत्या फाडत होती. भीती नक्की कुणाची होती, देवाची की रानाची, असं वाटून गेलं.

---

तिरकस | १० जून, रात्री ९:१०

'देव मोठा झाला, राई लहान झाली.' ताई, आज मी काही बोलत नाही.

---

डोंगरउतार | १७ जून, रात्री १०:३०

आठवडाभर गायब होतो, कारण तुमच्या प्रतिसादांनी कामाला लावलं.

पाऊस झाला आणि मंडळाच्या पोरांना घेऊन गायरानावर गेलो. निवृत्त बीट काकांनी सांगितलं होतं वीस दिवसांनी बघा, आम्हाला दम नव्हता. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन सुतळीने आखला आणि आतली जिवंत खुंटं मोजली. पोरं म्हणत होती चार-पाच निघतील. एकोणतीस निघाली. नऊ जातींची, त्यातल्या दोन कुणालाच ओळखता आल्या नाहीत, त्या आजीला दाखवल्या. दुसरा चौकोन वर मुरमात आखला, तिथे तीनच. तिरकस, हा तुमचा चौकोन. तिसऱ्या चौकोनात नुसती घाणेरी आणि रानमोडी, ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं, त्यात शिरताच येईना.

त्या एकोणतीसच्या चौकोनात आम्ही २०१९ चे चार खड्डे पण मोजले. त्यातल्या एकाही खड्ड्यात रोप नव्हतं. एका पोराने विचारलं, "दादा, मग हे खड्डे कशाला खणले?" मी टोपी घातलेल्या फोटोबद्दल त्याला सांगितलं नाही.

कंपनीच्या माणसाशी बोललो. चांगला माणूस आहे, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पटतंय, पण मग त्या दिवशी आमचे लोक येऊन करणार काय? फोटो कशाचा काढायचा?" मी म्हटलं, घाणेरी उपटा, हात सोलून निघतील, तो फोटो काढा. तो म्हणाला विचारून सांगतो. विचारतोय अजून. वरच्या मुरमाड पट्ट्यात दोनशे रोपं लावू, आवळा, हिरडा, बहावा, आणि पिशवी फाडून लावू, इतकं कबूल केलंय. उरलेल्या पैशातून आठ महिन्यांसाठी एक राखणदार ठेवता येईल का, हे 'प्रस्तावात बसत नाही' म्हणे.

पण खरी अडचण ती नाही. गायरान बंद करायचं म्हटलं की पहिला फटका धनगरवाड्याला. तीन घरं, शेळ्या आणि थोडी गुरं. ग्रामसभेत विषय काढला तर निम्मी सभा लगेच तयार, कारण त्यांच्या घरी शेळ्याच नाहीत! स्वतःचं काही जात नसलं की माणूस फार लवकर पर्यावरणवादी होतो. वाड्यावरचे एक आजोबा शेवटी उठले आणि म्हणाले, "शेळ्या बंद करा म्हणता. बरं. मग शेळ्यांनी कुठं जायचं, तेवढं सांगा." कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. चहा झाल्यावर तेच म्हणाले, "तीन वाटे करा. एक बंद ठेवा, दोन आम्हाला. पण 'पाच वर्षं' असलं काही बोलू नका, वर्षं मोजून झाड वाढत नाही. शेळी मागल्या पायांवर उभी राहिली तरी शेंडा तोंडात गवसू नये, इतकं झालं की तो वाटा उघडा, दुसरा बंद करा." मी वहीत लिहून घेतलं. आणि राखणदार म्हणून त्यांचा नातू तयार आहे, दिवसभर तो तिथेच असतो. पगाराचं बघायचंय. व्हाळ, तुमचा प्रश्न इथे येऊन अडलाय बघा. वर्गणीतून दोन महिन्यांचं जमलंय, पुढचं नाही.

आता निवृत्त बीट काकांसाठी दोन प्रश्न. वणव्याचं काय करायचं? आणि त्या खुंटांचे सगळे फुटवे ठेवायचे का?

---

व्हाळ | १८ जून, सकाळी ७:१५

एका महिन्याचा पगार माझ्याकडून. नकार देऊ नका.

---

निवृत्त बीट | १८ जून, सकाळी ९:४०

आजोबांना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षांत चराईबंदीचे इतके आराखडे वाचले, उंचीवर मुदत ठरवलेला एकही नव्हता.

वणवा. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं की बंद वाट्याच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, घ्या. पायवाट आणि रस्त्याच्या बाजूला सहा मीटर रुंद, बाकी कडेला तीन मीटर चालेल. गवत कापून मध्ये ओढायचं, वाळू द्यायचं आणि डिसेंबर-जानेवारीत, वारा पडल्यावर संध्याकाळी, दहा माणसं हजर असताना जाळायचं. फेब्रुवारीवर ढकलू नका, तोपर्यंत रानात सगळं पेटायला टपलेलं असतं. कापलेलं गवत लोकांना न्यायला दिलं तर जाळायचं काम निम्मं होतं आणि आग लावणाराही तुमच्या बाजूने येतो. 'जाळलं की नवं गवत चांगलं येतं' म्हणूनच बहुतेक आगी लागतात. घरी गवत आलं तर काडी कोण कशाला ओढेल?

आग लागलीच तर निरगुडीचे ओले ढाळे. समोरून भिडायचं नाही, बाजूने झोडत जायचं. उताराच्या वरच्या बाजूला उभं राहू नका, आग चढणीला धावते. पोरांना हे आत्ताच सांगून ठेवा.

फुटवे. पहिली दोन वर्षं हात लावू नका, आपसात त्यांची चढाओढ होऊ द्या. नंतर थंडीत दोन ठेवा, जास्तीत जास्त तीन. निवडताना सगळ्यात उंच बघू नका, जमिनीलगत निघालेला बघा. खुंटाच्या माथ्यावरचा जोमदार दिसतो, पण खुंट कुजलं की वाऱ्यात फाकतो. बाकीचे धारदार कोयत्याने खालून वर, एका घावात, तिरके, म्हणजे कापावर पाणी थांबत नाही. आणि कापलेले फुटवे आजोबांच्या शेळ्यांना.